वरची माणसं, मझारची माणसं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक आजमितीस जिवंत आहे. या विधानाला डॉक्टरचा दाखला नाही, तहसीलदाराचा शिक्का नाही. एकमेव अधिकृत पुरावा सुरतेला, लिंबायतमधल्या एका गोधडीवर आहे. निळ्या चौकटीच्या शर्टाचा तळहाताएवढा तुकडा, गोधडीच्या वरच्या अंगाला शिवलेला. वरच्या अंगाला, हे महत्त्वाचं. तो आतल्या थरात असता, तर हा लेख माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता आणि त्यात माझ्याबद्दल चार बरे शब्दही आले असते.

तो तुकडा जिनं शिवला ती माझी घरमालकीण. सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणायची. तिचं खरं नाव भाडेकरूंपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची टाप नव्हती. काटक अंग, खानदेशी पद्धतीनं नेसलेलं लुगडं, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं सुतळी. आमच्या गल्लीत चारी बाजूंनी लूमची खटखट चालायची. नवराबायकोला प्रेमाचं बोलायचं झालं तरी ओरडून बोलावं लागे, त्यामुळे कुणाचं काय चाललंय हे गल्लीभर कळायचं. मोठी माय मात्र कधी आवाज चढवायची नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती पुटपुटल्यासारखी बोलायची आणि खटखटीतूनही तिचा शब्दन् शब्द कानाशी येऊन पोचायचा. मी पहिल्या दिवशी मागं वळून पाहिलं होतं, मागे कोण उभं आहे म्हणून.

मी तेव्हा रिंगरोडजवळच्या एका स्टुडिओत साड्यांची डिझाइनं ट्रेस करायचो. सकाळी काढलेलं फूल दुपारी पसंत व्हायचं, आठवड्यात हजारो साड्यांवर उमलायचं आणि दिवाळी सरली की ते फूल कुणाला आठवत नसे. हे मी अभिमानानं मोठ्या मायला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुना धंदा इसरायना." म्हणजे, तुझा धंदा विसरण्याचा. आणि स्वतःच्या मांडीवरचा कापडाचा ढीग थोपटून म्हणाली, "आनि मना हाऊ."

तिचा धंदा गोधड्यांचा. खानदेशातून आलेली घरं आपापल्या माणसांचे जुने कपडे तिच्याकडे आणून टाकायची आणि ती त्यांची गोधडी करून द्यायची. यात विशेष काही नाही, आपल्याकडे घरोघरी हेच होतं. विशेष होता तो तिचा नियम. जिवंत माणसांचं कापड वर. मेलेल्यांचं आत, पोटात. आतला थर तिच्या अहिराणीत 'मझार'. आणि कोण वर, कोण मझार, हे ती कपडे आणणाऱ्याला विचारत नसे. कपडा उचलायची, कॉलरचा किंवा पदराचा भाग गालाला लावायची, डोळे मिटायची आणि दोनांतल्या एका ढिगावर टाकायची. इतक्या सहज, जणू मेथी निवडतेय.

मी शास्त्रीय दृष्टीचा माणूस. शास्त्रीय दृष्टीच्या माणसाला असल्या वेळी गप्प बसवत नाही. मी माझाच निळ्या चौकटीचा शर्ट घेऊन गेलो, चेहरा शक्य तितका उतरवला आणि म्हणालो, "मोठी माय, माझा काका गेला. त्याची आठवण म्हणून हा गोधडीत घाल." आवाजात थोडा कंपही आणला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी अभिनयाचं बक्षीस मिळवलेलं होतं.

तिनं शर्ट गालाला लावला. बराच वेळ. मग डोळे न उघडताच म्हणाली, "जित्ता शे." आणि जरा थांबून, "पन लबाड शे."

अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या बाया इतक्या हसल्या, की एकीच्या हातातली चादर मातीत पडली. मोठी माय हसली नाही. कात्री घेऊन तिनं माझ्या चांगल्या शर्टाचा तुकडा कापला आणि तिच्या स्वतःच्या घरच्या गोधडीवर, वरच्या अंगाला, लावून टाकला. भाडेकरूही घरचेच, असं तिचं म्हणणं.

माझ्या खोलीतला जोडीदार प्रकाश पारोळ्याचा. त्याची माझ्याहून वाईट गत झाली. त्यानं मामाची शाल आणली, खरीखुरी, आणि तिनं ती गालाला लावून सरळ मझारच्या ढिगावर टाकली. प्रकाश पांढराफटक पडला. मामा तर ठणठणीत होता. प्रकाशनं कोपऱ्यावरच्या हसमुखभाईंच्या पानाच्या गल्ल्यावरून, म्हणजे टपरीवरून, पारोळ्याला फोन लावला. पलीकडून मामाच बोलला, जेवणाच्या मध्येच उठवल्याबद्दल त्यानं भाच्याला शिव्या घातल्या. प्रकाश विजयी मुद्रेनं परत आला.

"मोठी माय, मामा जिवंत आहे! आत्ता शिव्या दिल्या त्यानं!"

"ऱ्हाऊ दे ना जित्ता," ती म्हणाली. "शाल त्यानी नही."

प्रकाशनं परत फोन लावला. शाल मामाला गावातल्या एका म्हाताऱ्यानं मरणाआधी अंगावरून काढून दिली होती. मामानं ती थंडीत पांघरायलाही कधी काढली नव्हती. प्रकाशनं फोन उलटा ठेवला आणि हसमुखभाईंनी त्याला न मागता पान लावून दिलं.

तिच्या घरची गोधडी मात्र पाहण्यासारखी चीज होती. तिच्या आजीच्या लुगड्यापासून सगळं खानदान त्यात. जाड इतकी, की घडी घालायला दोन माणसं लागायची. बोट थरांवरून फिरवत ती कुळ सांगायची: ही सासू, हा दीर विहिरीत गेलेला, ही नणंद बाळंतपणात गेलेली, हा नवरा, मिलचा भोंगा झाला तरी न उठलेला. शनिवारी ती गोधडी उन्हात टाकायची आणि काठीनं झटकायची. आणि प्रत्येक फटक्याला माफी मागायची. "लागनं का, आत्याबाई? ... तुमले नही, धुळले मारस." दिराला मात्र ती दोन फटके जास्त द्यायची. तिथं माफी नसे. त्या दिराचं काय प्रकरण होतं, ते मी कधी विचारलं नाही.

वरच्या अंगाला एका कोपऱ्यात तिच्या स्वतःच्या लुगड्याचा तुकडा होता, नुसता कच्च्या टाक्यावर धरलेला. "पक्कं का शिवत नाहीस?" मी विचारलं. "परत उसवनं पडी ना," ती म्हणाली. एवढं म्हणून तिनं दोरा दातानं तोडला. मेल्यावर तिला उसवून मझार कोण घालणार, हे ती बहुतेक ठरवत होती, कारण त्या दिवसांत ती गल्लीतल्या बायांचे टाके फार बारकाईनं पाहायची.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या बायकोला पटत नाही. मला हिवताप भरला होता. दुपारची वेळ, प्रकाश कामावर. मी आतून कडी लावून पडलो होतो. कडी लावण्याआधी मोठी माय येऊन घरची गोधडी अंथरुणावर टाकून गेली होती. "घाबरू नको, सगळा शेत," असं म्हणून गेली. सगळे आहेत! मी ग्लानीत गेलो. जागा झालो तेव्हा घामानं निथळत होतो, ताप उतरला होता, आणि गोधडी चारी बाजूंनी माझ्या अंगाखाली खोचलेली होती. पायाशी, डोक्याशी, दोन्ही कुशींना. एकाच वेळी, इतकी घट्ट, की हात बाहेर काढायला मला झटापट करावी लागली. स्वतःला असं कुणाला खोचता येत नाही. कडी आतून लागलेली होती. बायको म्हणते, तापात माणूस काय वाट्टेल ते करतो. असेल. पण पायाशी एक कोपरा तेवढा खोचलेला नव्हता, नुसता चुरगळून पडला होता. तो दिराचा कोपरा होता.

तिच्या घरात कचरा नव्हता. म्हणजे कमी होता असं नव्हे, नव्हताच. केराची टोपलीसुद्धा नव्हती. मोठा तुकडा गोधडीला, लहान तुकडा ठिगळाला, त्याहून लहान उशीत, उरलेल्या सुताच्या वाती, आणि वाती जळून गेल्या की पणतीतली काजळी टाचेच्या भेगांना. त्या घरात गेलेली वस्तू बाहेर आलेली कुणी पाहिली नाही. तिचा सगळा राग होता तो टेरिकॉटवर, पॉलिस्टरवर. म्हणजे थोडक्यात सुरतेवर. आमच्या स्टुडिओतली चिंधी मी तिला भेट म्हणून नेली, तर तिनं ती दोन बोटांत धरून दिव्यावर नेली. चिंधी जळली नाही, आक्रसली आणि काळी गोळी होऊन टपकली.

"सुती मातीमा जास," ती म्हणाली. "आपुन बी जातस. हाई कोठे जाई?"

मी म्हटलं, कुठं जाणार, राहील पडून.

"तेच," ती म्हणाली. "मरन नही त्याले. आनि जे मरत नही, ते बोलतबी नही. मुकं शे." गालाला लावलं तरी पॉलिस्टर तिला काही सांगत नसे. म्हणून तसले कपडे ती परत करायची. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं.

आणि तरीही रेखानं आणलेला शर्ट तिनं ठेवून घेतला.

रेखा आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. तिचा नवरा सुरेश लूमवर होता. दारूबंदीच्या राज्यात त्याला दारू रोज मिळायची, आणि भिंत पातळ असल्यामुळे पुढचं सगळं आम्हाला लूमच्या खटखटीतूनही ऐकू यायचं. आम्ही दोघं एकदा दार वाजवायला गेलो होतो. रेखानंच दार उघडलं, सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "काही नाही भाऊ, भांडं पडलं." त्यानंतर आम्ही भिंतीवर वाजवायचो. तेवढ्यापुरतं थांबायचं.

मग प्लेगचं साल आलं. एका दुपारी बातमी फुटली आणि निम्मी सुरत स्टेशनकडे धावली. सुरेश रेखाला म्हणाला, "तू गाठोडं बांध, मी रिक्षा घेऊन येतो." ती गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसली. रिक्षा आली नाही. सुरेशही नाही. पुढे लोक परत आले, लूम सुरू झाले, गल्ल्या कधी नव्हत्या इतक्या स्वच्छ झाल्या, आणि सुरेशचा पत्ता नव्हता. दवाखान्यांत नाही, गावी नाही. वर्ष उलटून गेलं.

रेखाचा भाऊ शिरपूरला. त्यानं एक स्थळ पाहिलं, जिनिंगमध्ये कामाला असलेला बिजवर. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, पुन्हा संसार मांडता येतो. हा माणूस रेखाला पाहायला आला आणि त्यानं विचारलं, "तुम्हाला जेवणात काय आवडतं?" रेखा चहा ठेवायला म्हणून आत निघून गेली. तो गेल्यावर ती आमच्या दारात येऊन प्रकाशला विचारत होती, "भाऊ, असं विचारतात का?" पण पाट लावायचा तर ती विधवा हवी. ती विधवा आहे की नाही, हे सुरतेत कुणालाच सांगता येत नव्हतं. एका बाईशिवाय.

म्हणून रेखा सुरेशचा मागे राहिलेला शर्ट घेऊन आली. मी अंगणात होतो. तिनं तो दोन बोटांत, अंगापासून लांब धरला होता. प्लेगच्या साली आम्ही सगळे मेलेला उंदीर जसा धरायचो, तसा. शर्ट चक्क टेरिकॉटचा. मी मनात म्हटलं, झालं, आता परत करणार.

मोठ्या मायनं शर्ट घेतला, गालाला लावला, आणि रेखाकडे पाहत राहिली. डोळे न मिटता. "ठेवी जाय," म्हणाली.

कित्येक आठवडे गेले. गल्लीत दुसरा विषय नव्हता. हसमुखभाई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "शुं थयुं, उपर के अंदर?" रेखा रोज पाणी भरायच्या निमित्तानं मोठ्या मायच्या दारावरून जायची आणि तोंडानं काही विचारायची नाही. मग एका सकाळी मोठी माय नवी गोधडी घेऊन बाहेर आली. रेखाच्या आईची साडी वर, भावाचा सदरा वर. तिनं एक कड उलगडून आतला थर दाखवला. "मझार," ती म्हणाली. बायांनी रेखाला रडू दिलं. दोन दिवसांनी भाऊ येऊन तिला गावी घेऊन गेला, तेराव्यापर्यंत जे काही करायचं असतं ते उरकलं, आणि पाटाची तारीख धरूनच ती सामान न्यायला परत आली.

माझी शास्त्रीय दृष्टी मला स्वस्थ बसू देईना. मी मोठ्या मायला गाठलं. "शर्ट टेरिकॉटचा होता. तो बोलला कसा?"

"शर्ट मुका शे," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "तिना हात बोलना. तिनी कशा धरेल व्हता, तू देखं नही का?"

म्हणजे बाईनं चक्क थाप मारली होती! मला इतका आनंद झाला, की मी प्रकाशला सांगायला धावलो. एक निर्मळ, साजूक, गोधडीत शिवलेली थाप. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा सुंदर डिझाइन कधी दिसलं नव्हतं. हसू मला रविवारपर्यंत पुरलं.

रविवारी सकाळी भाऊ टेम्पो घेऊन आला. अंगणात बायांची गर्दी, रेखाची भांडी बाहेर, वर ती नवी गोधडी. आणि गल्लीच्या तोंडाशी हसमुखभाईंचा आवाज फाटला.

"अरे! आ तो मरी गयेलो ने?"

सुरेश येत होता. वाळलेला, ओठ निळसर. कडक ऊन होतं आणि त्यानं अंगाभोवती हात घट्ट आवळून धरले होते. बाया दोन्ही बाजूंना सरकल्या. तो भांड्यांमधून, भावासमोरून, रेखाच्या अगदी पुढून गेला. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या मायच्या पायांशी जाऊन बसला.

"माय," तो म्हणाला, "मले बाहेर काढ."

तो सुरतेबाहेरच्या सचिन गावी होता. प्लेगच्या दिवशी रिक्षा न शोधता तिकडेच निघून गेला होता, कापड रंगवायच्या एका डाइंगमध्ये लागला होता, तिथं दुसरी बाईही होती. मजेत होता. मग गल्लीतला कुणीतरी कामाला तिकडे गेला आणि चेष्टेत म्हणाला, तुला तर मोठ्या मायनं मझार घातलं. सुरेश हसला. त्या दिवसापासून थंडी. बॉयलरपुढे उभा राहिला तरी थंडी. हजेरी घेणारा त्याच्यावरून नजर फिरवून पुढच्याचं नाव घ्यायचा. हात केला तरी रिक्षा थांबत नसे. ती दुसरी बाई एकदा त्याच्याच ताटात जेवायला बसली, तो समोर बसलेला असताना, आणि तो ओरडला तेव्हा दचकून किंचाळली. "काढ ना माय. तुना पाय धरस."

मी मोठ्या मायकडे पाहिलं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. थाप मारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असायला हवं ते काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिनं त्याच्या नव्या शर्टाची बाही दोन बोटांनी चाचपली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "हाऊ बी टेरिकॉट." मग म्हणाली, "गोधडी मनी नही. तिनी शे. ती सांगी तर उसवस."

इथं सगळं फिरलं. रेखाच्या भावाला भान आलं. नवरा जिवंत म्हटल्यावर पाट कसला? लोक काय म्हणतील? त्यानं घाईघाईनं खाट ओढली. "पाव्हणं, बसा ना. असं खाली काय बसता?" कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. आणि मी शपथेवर सांगतो, 'पाव्हणं' ऐकल्याबरोबर त्या माणसाच्या ओठांवर रंग आला. पाणी प्यायला तसे त्याचे आवळलेले हात सुटले. भाऊ म्हणाला, "टेम्पो परत पाठवतो, तुमचं तुम्ही बघा." सुरेश खाटेवर मागे रेलला. आमच्या डोळ्यांसमोर तो भरत चालला होता. मान ताठ झाली, आवाज जुना झाला, तोच, भिंतीपलीकडचा. त्यानं पहिल्यांदाच रेखाकडे पाहिलं. "काय बघतेस? मी जिवंत आहे, सांग तिला. काढ म्हणावं. आणि आधी चहा ठेव."

रेखा गोधडीच्या कडेला उभी होती. कड तिच्या मुठीत होती. लूम रविवारी बंद असतात, त्यामुळे अंगणात मुंगीचं पाऊल वाजलं असतं.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. टेम्पो परत गेला नाही. पाट ठरल्या दिवशी लागला, गोधडी रेखाबरोबर शिरपूरला गेली आणि तिचा एक टाकाही कुणी उसवला नाही. सुरेश खाटेवरून उठला तेव्हा ओठ पुन्हा निळे झाले होते. तो गल्लीच्या तोंडाकडे चालत गेला. हसमुखभाई आजही सांगतात, की त्यांच्या पानाच्या गल्ल्यासमोरून कुणीही गेलं नाही. आणि आमच्या गल्लीला दुसरं तोंड नव्हतं.

पण हे सगळं घडलं ते रेखाच्या एका बोलण्यानं. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून ते असं काही सुटलं, की तिनं स्वतःच दचकून तोंडावर हात नेला:

"तुमना तेरावाले मी पोटभर जेवनू! लगीन व्हयनं तवयपासून पहिल्यांदा!"